हात काढणार नाही

“तराफा बुडाला तर पहिला मीच बुडणार,” शेपूट म्हणाला. “मला पोहता कुठे येतं?”

“म्हणूनच तुला मधोमध बसवलंय,” वकील म्हणाला.

हे दोघे सख्खे भाऊ. थोरला वाद घालण्यात पटाईत, म्हणून वकील. धाकटा सदा त्याच्या मागे, म्हणून शेपूट. तिसरी खार. झाडावर चढायला लागली की खरी खारसुद्धा मागे पडेल, असं आळीत सगळे म्हणत. पण सुट्टीतला हा तराफ्याचा बेत आज तिच्या डोक्यात शिरतच नव्हता. तिचं लक्ष दारात बसलेल्या तिच्या आजोबांकडे होतं. त्यांच्यासमोरचा चहा केव्हाच गार झाला होता.

आजोबांची दृष्टी गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांचा धाकटा भाऊ लढाईवर गेला तो परत आलाच नाही. ना तो आला, ना त्याचा सदरा. चौकातल्या स्मारकाच्या दगडावर कोरलेलं त्याचं नाव, तेवढंच काय ते उरलं होतं. खार हात धरून नेई आणि आजोबा ते नाव बोटांनी वाचत. आज सकाळी त्यांच्या बोटांना लागली ती स्मारक दुरुस्ती समितीच्या सभासदांची नावं.

“जुना दगड फुटला हो, आजोबा. फेकून दिला,” दुरुस्तीचं काम घेतलेला ठेकेदार म्हणाला होता. “हा कोरा करकरीत आणलाय. तुमची ती नावं बघू पुढच्या वर्षी.”

आता आजोबा हळूच म्हणाले, “खारे, एक कळत नाही बघ. जुन्या दगडाच्या डाव्या कोपऱ्याला खाच होती, अंगठा बसेल एवढी. या नव्यालाही आहे. पण उजव्या कोपऱ्याला.”

खारीच्या हातात तराफ्याचं चित्र होतं. कागदाचा डावा कोपरा दुमडलेला. तिने कागद पालथा केला. दुमडलेला कोपरा उजवीकडे गेला, तशी ती ताडकन उठली.

“नवा कसला डोंबलाचा! जुनाच उलटा फिरवून पाठीवर समितीची नावं कोरलीत. जुनी नावं मागे आहेत, भिंतीकडे.”

“आणि भिंत नि दगडाच्या फटीत गवंडीकाका आज सिमेंट भरतायत,” वकिलाचा चेहरा उतरला. “ते एकदा धरलं की संपलं.”

तिघं धावत सुटली.

चौकात गवंडी घमेल्याने फटीत सिमेंटचा माल ओतत होता. खालच्या ओळी बुडाल्याही होत्या. “थांबा काका, आत नावं आहेत!” खार ओरडली. गवंडी घुटमळला, पण ठेकेदार मागेच उभा होता.

“पोरांचं काय ऐकतोस? ओत.”

खारीला दुसरं काही सुचलं नाही. तिने उजव्या कडेच्या फळीवरून फटीत कोपरापर्यंत हात घातला.

“ओता आता. मी हात काढणार नाही.”

ठेकेदाराने आरडाओरडा केला, बापाला बोलावतो म्हणाला, पोलिसाची भीती घातली. खारीचं मनगट ओल्या सिमेंटमध्ये होतं आणि कातडी चुरचुरत होती. तरी बोटं वर सरकवून ती आजोबांसारखी चाचपू लागली. एक अक्षर लागलं. मग दुसरं. तिने नाव वाचलं आणि वकिलाने ते कोर्टातल्या पुकाऱ्यासारखं चौकभर ऐकवलं. दुकानातली माणसं बाहेर आली. दुसरं नाव पुकारल्यावर भाजीची पिशवी धरलेली एक म्हातारी पुढे झाली.

“थांब पोरी, तिसरं मी सांगते. माझा दीर तो.” तिने नाव सांगितलं.

खारीची बोटं खालच्या ओळीवर गेली.

“तेच आहे,” ती म्हणाली, आणि तिला हुंदकाच आला.

गवंड्याने घमेलं खाली आपटलं. “मला दगड मागून कोरा आहे म्हणून सांगितलं होतं,” तो ठेकेदाराला म्हणाला आणि स्वतःच बाजूच्या फळ्या उचकटू लागला. शेपटाने पाण्याच्या बादल्यांवर बादल्या आणल्या. ठेकेदार कोणाला तरी फोन लावत सटकू पाहत होता, पण म्हातारीने त्याची वाट अडवली होती.

दगड फिरवला तेव्हा वरची नावं स्वच्छ होती. आजोबांच्या भावाचं नाव शेवटच्या ओळीत होतं. ती ओळ सिमेंटखाली सपाट झाली होती. आजोबांना आणलं. त्यांनी तिथे हात फिरवला आणि तो तसाच खाली सोडला.

खार केसांतला आकडा काढून गुडघ्यांवर बसली. नुसत्या पाण्याने अक्षरांतलं सिमेंट निघत नव्हतं, आणि छिनी लावली असती तर अक्षरंच उडाली असती. ती टोकरत राहिली. गवंडी पाण्याची धार धरत होता. समितीचे अध्यक्ष धावत आले, माफी मागितली, “शाबास, पोरांनो, तुम्ही आमची लाज राखलीत,” म्हणाले. खारीने मान वर केली नाही.

पुष्कळ वेळाने आजोबांचं बोट पहिल्या अक्षरात रुतलं. मग पुढच्या. ते नाव त्यांनी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना बोट चुकून बाजूला गेलं आणि सपाट जागेवर थांबलं.

“याच्या शेजारी कोण गं?”

“अजून बुजलेलंच आहे, आजोबा. त्याचं कोणी आलेलं नाही.”

आजोबा कष्टाने तिच्याजवळ खाली बसले आणि त्यांनी हात पुढे केला.

“आण तो आकडा इकडे. इतकी वर्षं मी फक्त माझ्याच भावाचं नाव वाचत आलो.”