तिच्या मापाचे फ्रॉक

त्या दिवशी मी भिंगरीला घेऊन तिच्या वडिलांकडे निघाले, तेव्हा माझ्या पिशवीत तिचे चार कपडे, उशी आणि वाटेत खायला बिस्किटं होती. एवढंच. भीतीचं कारण असं काहीच नव्हतं.

भिंगरी माझी पोटची नाही. अनाथ मुलांच्या संस्थेतली बाळं मी घरी सांभाळते. कुणी महिनाभर राहतं, कुणी वर्षं. ही आली तेव्हा रांगतही नव्हती. तिची आई बाळंतपणात गेली, वडील आजारी पडून इस्पितळात, आणि शेजारणीने बाळ संस्थेत देऊन घर सोडलेलं. वडील बरे होऊन आले तर लेकीचा पत्ता सांगायला कुणी नाही. आता भिंगरी नऊ वर्षांची झाल्यावर तो पत्ता लागला. संस्थेच्या बाईंनी ठरवलं, आठवडाभर मीही तिथे राहायचं. पोर रुळली तर ठीक, नाहीतर ती माझ्याबरोबर परत येणार होती. आणि मग त्या माणसाला ती दुसऱ्यांदा गमवावी लागणार होती.

भिंगरीचे वडील शिंपी होते. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. घरभर गरम इस्त्रीचा आणि मशीनच्या तेलाचा वास. माणूस इतका मऊ, की भिंगरीकडे बघतानाही परवानगी मागितल्यासारखं बघायचा. ती त्यांना ‘टेलरकाका’ म्हणायची. मी डोळे वटारले तर म्हणाली, “मग काय म्हणू? पाटीवर तेच लिहिलंय.” ते हसले, पण दोरा ओवायला त्यांना बराच वेळ लागला.

तिच्यासाठी ठेवलेल्या खोलीत एक कपाट होतं. त्यात ओळीने फ्रॉक टांगलेले. लेक आता केवढी झाली असेल, असा अंदाज बांधून ते दर वर्षी एक शिवत आले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, जरा उन्हात घालू. अंगणात दोरीवर पसरताना मात्र माझे हात थबकले. कोपरांवर कापड विरलं होतं. काखेत रंग उडाला होता. खालच्या दुमडी एकदा उसवून, लांब करून पुन्हा घातलेल्या. वाढत्या अंगाची मुलं कपडे वापरतात ना, अगदी तसे.

मी विचारलं, शेजारच्या कुणाला दिले होते का?

“नाही ताई. हात लावू दिला नाही कुणाला.”

“मग या दुमडी...?”

“त्या मी सोडल्या. आखूड व्हायला लागले होते.” एवढं बोलून ते दुकानात गेले. आखूड कुणाला व्हायला लागले, हे मी विचारलं नाही.

भिंगरी त्या खोलीत टिकेना. झोपायला माझ्या कुशीत, खेळायला दुकानाच्या पायरीवर. मी समजावलं, की हे तुझंच घर आहे. ती हळूच म्हणाली, “या घरात एक मुलगी आहे आधीच.”

वडिलांनी तिला नवा फ्रॉक शिवायला घेतला. टेप लावून माप घेतलं, पुढे उसवून वाढवता यावा म्हणून शिवणीत भरपूर माया ठेवली. घालून बघितला तर छातीत घट्ट आणि डावा खांदा उतरलेला. त्यांनी पुन्हा माप घेतलं, मी स्वतः आकडे पाहिले, बरोबर होते. दुसरा फ्रॉक बेतला. तोही तसाच. टेप भिंगरीला लावला जायचा, पण कात्री दुसऱ्याच कुणासाठी चालायची. हातांची सवय, दुसरं काय, असं मी मनाशी म्हणाले.

शेवटी संध्याकाळी, दुकान बंद केल्यावर, त्यांनी तिला कपडे घालून बघायच्या, पडदा लावलेल्या कोपऱ्यात उभं केलं. तोंडात टाचण्या धरून ते गुडघ्यावर बसले, हातात खडू. मी दिवा कंदिलासारखा उंच धरून उभी होते, कारण तिथे उजेड पोचत नव्हता. मशीन बंद होतं, तरी त्याचं पायडल किंचित हलत होतं... कुणीतरी नुकताच पाय काढल्यासारखं.

“सरळ उभी राहा गं बाळ,” ते म्हणाले.

भिंगरी सरळच उभी होती. त्यांची नजर तिच्यावर नव्हती. तिच्या शेजारी, हातभर अंतरावर होती. आणि तिथला पडदा खाली कुणाच्या तरी पावलांवर पडावा तसा, जमिनीला न टेकता दुमडला होता.

मी दिवा तिकडे वळवला. भिंगरीने मात्र त्या बाजूला बघितलंही नाही. ती वाकली, वडिलांची हनुवटी धरली आणि त्यांचं तोंड आपल्याकडे वळवलं.

“बाबा, ते कपाटातले सगळे तिलाच राहू देत. मला नको. पण माझं माप घेताना माझ्याकडे बघा ना...”

पहिल्यांदाच ती बाबा म्हणाली. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून तळहातावर काढल्या. बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले. तिचे रुंद खांदे, कानामागचे केस, सगळं नव्याने. मग मला विचारलं, अगदी हलक्या आवाजात, “मग ती कुठे जाईल, ताई? मीच वाढवलीय तिला...”

मला काय सुचलं कोण जाणे. भीती होतीच, पण पोर ती पोरच. मी म्हणाले, “मुलं सांभाळणं हेच माझं काम आहे, भाऊ.”

पडदा हळूच जमिनीला टेकला.

पुढचा फ्रॉक भिंगरीला चपखल बसला. त्या रात्री ती आपल्या खोलीत एकटी झोपली, चक्क घोरत. मी निघाले तेव्हा ती बाबांचा हात धरून पायरीवर उभी होती, आणि रडले ती मीच.

भर दुपारची बस. खिडकीशी जागा मिळाली, शेजारी पिशवी ठेवायला गेले तर ठेववेना, ती पायाशीच ठेवली. पुढे गर्दी झाली. एक थकलेल्या आजी दांडीला धरून उभ्या होत्या. त्या माझ्याकडे वाकून म्हणाल्या, “बाई, लेकीला मांडीवर घेतेस का? मला टेकायला होईल.”

मी शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग पदर सारखा केला आणि मांडी सरळ केली. आजी बसल्या. म्हणाल्या, “गुणी आहे हो.”

वजन असं काही जाणवलं नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिले, मान वळवायचा धीर झाला नाही. आमचा स्टॉप आला तसं उतरले, पण एक पाऊलही टाकता येईना. खांबाला धरून उभी राहिले. दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या, वाटभर कुणी मांडीवर झोपून गेल्यावर येतात तशा.