आठवा उसासा

टँकर तिसऱ्या दिवशीही आला नाही, म्हणून भर दुपारी मी नहरीत उतरले. राळेगावकडच्या आमच्या गावाखाली एक जुनं नगर गाडलेलं आहे. त्याला टेकडीवरून पाणी आणणारी दगडी नहर जमिनीखालून अजून वाहते. तिच्यात हवा खेळावी म्हणून जागोजागी आड खोदलेत, त्यांना आम्ही उसासे म्हणतो. सात उसासे गावात, सगळे भरलेले. आठवा वेशीबाहेर, आमच्या बौद्ध वस्तीत. तो पिढ्यान् पिढ्या कोरडा.

वस्तीतल्या देवरावकाकांनी आठव्या उसाशाच्या काठावर माझ्या कमरेला दोर बांधला.

"आत कोनी बोललं त उत्तर न देता परत ये वं, मैत्रेयी. माहा आजा तसाच परतला होता."

"म्हनूनच त आपन टँकरच्या मागं धावून राह्यलो," मी म्हणाले, आणि कंदील, लोखंडी सब्बल घेऊन उतरले.

आत ओणवं चालावं लागत होतं. कुजक्या मुळांचा वास. पायाखाली सगळं कोरडं, पण पाण्याचा आवाज जवळ येत होता. मग वाटच संपली. गाळ नव्हता. एक उभी शिळा चुन्यानं घट्ट बसवलेली होती, मुद्दाम. माझं डोकंच फिरलं.

पलीकडून कोणीतरी खाकरलं.

"कोनाची व्हय तू...?"

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलेय. खोटं कशाला सांगू?

"वेशीबाहेरची. पानी न्याले आली."

"इकून पानी... तिकडं जात नसते."

"आजपासून जाते!"

मी सब्बल घातली. कंदील विझला. मनगटावर एक गार, ओला हात आला. मी त्या हातासकट घाव घालत राहिले. शिळा फुटली, पाणी उसळलं, आणि काकांनी मला ओढून वर काढलं.

माझ्या मुठीत शिळेची एक मोठी ढलपी होती. तिची पाण्याकडची बाजू झिजून गुळगुळीत झालेली, कोणी वर्षानुवर्षं पाठ टेकून बसल्यासारखी.

आता आठव्या उसाशाला पाणी आहे, पण कधीमधी दुपारी ते अडतं. मग बाया आडात वाकून ओरडतात, "सरक बाजूले!" आणि पाणी येतं.

काल ओरडलो, तरी आलं नाही. तळातून दबका आवाज आला.

"मी सरकलो, बाई... माह्या मागं बसून हायेत, ते सरकत नाहीत."

"किती जन?" मी विचारलं.

आत मोजणी सुरू झाली. प्रत्येक आकडा वेगळ्या आवाजात. आज सकाळीही ती चालूच आहे. चालू दे. वस्तीतल्या घराघरातून सब्बली बाहेर निघाल्या आहेत.