आंद्रेची बाटली

१९५७ सालची गोष्ट. तिची सुरुवात माझ्याच मूर्खपणाने होते, म्हणून तो आधी सांगून टाकते.

मी तेव्हा रिचर्ड्स टाउनमध्ये लुसी मॅडमकडे स्वयंपाकाला होते. मॅडम फ्रान्सच्या. नवरा कोलारच्या सोन्याच्या खाणीत इंजिनियर. तो गेल्यावर त्या बंगळुरातच राहिल्या. त्यांच्या माहेरी द्राक्षांचे मळे, दोनशे वर्षांची जुनी हवेली आणि हवेलीच्याच नावाची तांबडी वाइन, मार्व्हिएल. त्या हवेलीचं वर्णन मी इतक्यांदा ऐकलं होतं की तिथल्या विहिरीचा रहाट कुठल्या अंगाला आहे तेही मला पाठ होतं. मी बंगळुरातल्याच शिवाजीनगरातली मराठी विधवा, त्या सातासमुद्रापलीकडच्या. पण दुपारी चहा घेऊन बसलो की आम्ही दोघी माहेरच्याच गोष्टी बोलायचो.

तळघरात त्या वाइनच्या सहा बाटल्या आडव्या निजवलेल्या होत्या. पहिलं महायुद्ध संपल्यावर वडिलांनी पाठवलेल्या. पाचांवर छापील कागद, सहावीवर वडिलांच्या हाताने लिहिलेला. ती सहावी आंद्रेची, मॅडमच्या थोरल्या भावाची. वडील आजारी पडले त्या वर्षी त्याने एकट्याने केलेली वाइन. पुढच्याच वर्षी तो लढाईवर गेला आणि परत आला नाही. "मला सत्तर पुरी झाली की उघडीन," असं मॅडम म्हणायच्या. ती सत्तर त्या दसऱ्याला पुरी होत होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढच्या दसऱ्याची आशा धरू नका. वाइन चालेल, पण एकच पेला, तोही एकदाच.

आता माझा पराक्रम. खंडेनवमीला आमच्यात घरातली सगळी हत्यारं घासूनपुसून पुजायची. विळी झाली, कोयता झाला, शिवणाचं मशीन झालं. मग मनात आलं, मॅडमची खरी दौलत खाली धूळ खात पडली आहे, तिला का वगळायचं? अष्टमीला तळघरात उतरले. रिठ्याच्या पाण्यात सहाही बाटल्या लख्ख घासल्या, ओळीने उभ्या केल्या आणि प्रत्येकीला हळदकुंकू लावलं. भिजलेल्या कागदांचा लगदा झाला होता, तो केराच्या डब्यात टाकला. वर येऊन मॅडमना सांगितलंसुद्धा, मोठ्या ऐटीत.

मॅडम ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी अगदी हळू विचारलं.

"अय्यो, चंद्रा... मग त्यातली आंद्रेची कुठली?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सहा बाटल्या, आणि पेला एकच. चुकली तर चुकली.

नवमीला दुपारी चार वाजता मेणबत्ती घेऊन पुन्हा खाली गेले. काचेवर एखादी खूण, एखादा ओरखडा सापडेल अशी वेडी आशा. वर बागेत विठोजी माळी पाला गोळा करत होता, त्याच्या खराट्याचा आवाज पहिल्या चारपाच पायऱ्यांपर्यंत ऐकू आला. मग तो थांबला. तळघराला एरवी चुन्याचा आणि उंदरांचा वास. त्या दिवशी ओल्या मातीचा वास होता, आणि चिरडलेल्या फळांचा, आणि भिजलेल्या लोकरीचा.

पाच बाटल्या उभ्या होत्या. एक आडवी.

उंदीर, मी म्हटलं. ती उभी केली आणि मेणबत्ती दुसरीकडे नेली. मागे दगडावर काच टेकल्याचा बारीक आवाज झाला. वळून पाहिलं, तर तीच बाटली आडवी.

पुन्हा उभी केली. या वेळी नजर हलवली नाही. मेणबत्तीची ज्योत एका बाजूला कलली... तिथे वारा यायला खिडकीच नव्हती. आणि ती उभी बाटली माझ्या डोळ्यांदेखत कलली. पडली नाही. मानेखाली हात देऊन तान्ह्या बाळाला निजवतात, तशी सावकाश दगडावर टेकली.

अगदी पाठीशी कुणीतरी श्वास सोडला.

"विठोजी...?"

लोकरीचा वास दाट झाला. का कोण जाणे, पण मला पळावंसं वाटलं नाही. मी खालच्या आवाजात विचारलं, "हीच का?... हीच न्यायची?"

ज्योत सरळ झाली. मी बाटली उचलली तेव्हा तिची मान कोमट होती.

दसऱ्याला मॅडमनी ती उघडली. मेणबत्तीच्या उजेडात, गाळ हलू न देता पेल्यात ओतली. वास घेतला. एक घोट घेऊन डोळे मिटले. मग एखाद्या तरुण मुलीसारख्या खळखळून हसल्या.

"उशिरा तोडलीस ना द्राक्षं, आंद्रे! बाबा रागावणार बघ."

माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तोच, चंद्रा. तसाच हट्टी." आम्ही दोघी रडलो. माझा त्या बाईवर फार जीव होता. कोजागिरीच्या आदल्या दुपारी त्या झोपेतच गेल्या.

महिन्याभराने मी बंगल्यावर आवराआवर करत होते, तेव्हा मॅडमच्या नावाने मार्व्हिएलहून पत्र आलं. तिथला कारभार पाहणाऱ्या चुलतभावाचं. आंद्रेची बाटली उघडणार असं मॅडमनी त्याला उन्हाळ्यात कळवलं होतं, त्याचं हे उत्तर. जवळच्या कॉन्व्हेंटमधल्या एका फ्रेंच सिस्टरने मला ते वाचून दाखवलं. 'त्या बाटलीवर फार आस ठेवू नकोस,' त्याने लिहिलं होतं. 'काकांची वही सापडली. आंद्रेची वाइन बाटलीत कधी भरलीच गेली नाही. ती पिंपात असतानाच लढाईच्या पहिल्या हिवाळ्यात सैनिकांनी पिंप फोडलं. काकांना तुला सांगवेना. त्यांनी नेहमीच्याच वाइनच्या एका बाटलीवर आपल्या हाताने कागद लिहून चिकटवला. सहाही सारख्याच आहेत.'

आधी मला हसू आलं. म्हणजे माझ्या धुण्याने काहीच बिघडलं नव्हतं! घरी परतताना शिवाजीनगरच्या स्टँडवर उतरेपर्यंत ते हसू विरून गेलं. मग मॅडमनी त्या घोटात ओळखलं ते काय होतं?

घरी कुणाला सांगितलेलं नाही, ते तुम्हाला सांगते. त्या दसऱ्याला मॅडमनी पेल्यातला शेवटचा घोट मला पाजला होता. मी नको नको म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही.

तेव्हापासून कधीतरी दुपारी, घरात एकटी तांदूळ निवडत असले की, पाठीमागून हाक येते. "लुसी..." धाकट्या बहिणीला मारावी तशी, मायेने. आणि मी मान वळवायच्या आत माझ्या तोंडून निघून जातं, "आले, अण्णा."

मला भाऊ नाही. कधीच नव्हता.

परवा मी सूप खाली ठेवून उठले, एवढंच आठवतं. भानावर आले तेव्हा दाराची कडी काढलेली होती, आणि माझा एक पाय उंबऱ्याबाहेर होता.