बरडावरच्या झोपाळू वाट्या

"माझी टोपी!"

मयुरी किंचाळली तोवर टोपी बरडावरून गडगडत थेट नाल्यात! तिचा भाऊ पियुष पोट धरून हसला. त्यांची मावसबहीण काजल मात्र मान वर करून उंच खांबाकडे बघत होती.

"पियुष, टोपी उडाली ना आत्ता? मग त्या वाट्या काहून झोपून राहिल्या?"

बरड म्हणजे सावनेरजवळच्या बोरटेक गावाचा मुरमाड, उघडाबोडका माळ. इथे गवतसुद्धा उपकार केल्यासारखं उगवतं. पवनचक्क्या उभारणाऱ्या एका कंपनीने वारा मोजायला गावात दोन खांब रोवले होते. एक बरडावर आणि दुसरा काजलच्या आईच्या, सिंधूताईंच्या, संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. खांबाच्या टोकाला तीन वाट्या, वाऱ्याने गरगर फिरणाऱ्या. जिथे त्या जास्त फिरतील तिथे पवनचक्क्या, असा साधा हिशेब. त्यात बाग जिंकली होती, आणि जिंकणं इतकं वाईट असतं हे काजलला पहिल्यांदाच कळत होतं. बाग जिंकली म्हणजे एकशे चाळीस झाडं तुटणार! दोन दिवसांनी ग्रामसभा, आणि तिथेच सिंधूताई संमतीच्या कागदावर सही करणार होत्या.

"मावशी नाही म्हणू शकत नाही का?" मयुरीने विचारलं. ती आणि पियुष नागपूरच्या बेसा भागातून सुटीला आले होते.

"आई म्हणते, सारं गाव पवनचक्कीची वाट पाहून राहिलं, माझ्या एकटीपायी गावाचं काम अडाले नको. आणि मग बागेत जाऊन रडते. मी पाहिलं ना रोज!" काजलने डोळे पुसले आणि ओढणी कमरेला खोचली. "पण बरडावर वारा नाही, हे मी मानतच नाही. चला, आपण मोजू!"

दुपारपर्यंत जुन्या वहीच्या पुठ्ठ्यांच्या दोन सारख्या भिंगऱ्या तयार झाल्या. प्रत्येकीचं एक पातं लाल. एक भिंगरी बरडावर, एक बागेत. एकाच वेळी दोन मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढायचा आणि लाल पातं मिनिटात किती वेळा फिरलं ते मोजायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ! नागपूरकडचं ऊन म्हणजे काही खायचं काम नाही. मयुरीचं नाक सोललं, पियुष दर तासाला "मरून राहिलो!" म्हणत होता, पण मोजणी एकदाही चुकली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काजलने वही मिटली. "पाचच्या पाच वेळा बरड पुढे! आणि चारच्या सुमारास तर तिप्पट!"

तिघं धावत पंचायतीसमोर गेली. कंपनीचे जितेंद्रसाहेब थंडगार गाडीत बसले होते. त्यांनी काच चार बोटं खाली केली.

"साहेब, बरडावरच्या खांबावर कोणी चढून पाहिलं का?" काजलने वही आणि भिंगरी पुढे धरली.

"या उन्हाळ्यात? अगं बेटा, आकडे आपोआप येतात, नागपूरला, सदर भागातल्या ऑफिसात. कॉम्प्युटर चुकत नसतो. आणि खेळण्यातल्या भिंगऱ्यांवर कंपनी चालत नाही. जा, बर्फाचा गोळा खा!"

काच वर गेली.

"गोळा म्हणे!" मयुरी फणफणली. "चल, आपणच पाहू काय आहे वर ते!"

चढायचं नव्हतं, तेवढी अक्कल तिघांनाही होती. बरडावर पोचताच पियुषने मोबाइलचा कॅमेरा वाट्यांवर झूम केला आणि डोळे बारीक केले.

"काय दिसलं गा?" काजलने विचारलं.

"मांजा. वाट्यांना गुंडाळलेला. आणि पतंगीचा जांभळा कागद." त्याने मोबाइल खाली घेतला. "काजल, ती पतंग माझीच आहे. संक्रांतीले इथंच कटली होती. मांजा नायलॉनचा होता. बाबांनी नको म्हटलं होतं, तरी मी लपवून आणला."

काजल त्याच्यावर ओरडणारच होती, पण मध्येच थांबली. "थांब! संक्रांतीले आपण बरडावरच काहून येतो?"

"काहून म्हणजे? गावात दुसरीकडे पतंग चढते का? सारं गाव इथंच येते!"

"मग! बरडावर वारा असते हे बोरटेकच्या शेंबड्या पोरालेही ठाऊक आहे. साहेबाले कोणी सांगितलंच नाही, आणि त्यानं विचारलंही नाही!"

पियुष खाली बघत म्हणाला, "सभेत मी सांगतो. बाबा काय करतील ते करोत."

तिसऱ्या दिवशी साडेतीनला समाजमंदिरात सभा भरली. सरपंच तुळजाबाईंनी कागद पुढे सरकवला. सिंधूताईंनी साहेबांचं पेन उचललं.

"थांब आई!" काजल उभी राहिली. आवाज खणखणीत निघाला. "साहेब, बरडावर वारा नाही ना?"

"नाही. आकडे सांगतात."

"मग सही तिथंच करू! टेबलावर कागद ठेवू, वर दगड नाही, काही नाही. वाराच नाही म्हटल्यावर कागद उडेल कसा?"

सभेत हशा पिकला. जितेंद्रसाहेबही हसले. "चला! दहा मिनिटं ठेवू कागद. मग तर झालं?"

"कागद नाही हलला तर मी तिथंच सही करते," सिंधूताई म्हणाल्या.

काजलने आईकडे पाहिलं. पण वहीतली चारची वेळ तिला पाठ होती.

टेबल बरडावर आलं. अख्खं गाव मागे. साहेबांनी फाइल उघडून ठेवली आणि घड्याळ लावलं. चारला पाच कमी!

एक मिनिट. काही नाही. तीन मिनिटं. पान हलेना! साहेब मिशीतल्या मिशीत हसू लागले. पाच मिनिटं झाली. सिंधूताईंनी पेनाचं टोपण काढलं.

"ये ना रे बाप्पा, ये ना!" मयुरी पुटपुटली. काजलने तिचा हात घट्ट धरला. "येईल. दोन दिवस मोजलं आपण."

सातव्या मिनिटाला कागदाचा कोपरा उचलला गेला. मग धुळीचा लोट उठला आणि फर्रर्र! संमतीचा कागद उडाला, त्यामागे अख्खी फाइल उडाली, आणि त्यामागे साहेब!

"धरा, धरा! अरे, ते चार महिन्यांचे आकडे आहेत!"

"आकडे नाल्यात गेले, साहेब!" कोणीतरी ओरडलं. म्हातारेकोतारेसुद्धा टाळ्या पिटत होते.

"आता वर पाहा!" काजलने बोट दाखवलं. एवढ्या वाऱ्यात वाट्या आपल्या डुलक्या घेत होत्या. सगळ्यांच्या माना वर झाल्या.

पियुष पुढे आला. त्याचे कान लालबुंद झाले होते. त्याने सगळं सांगितलं, नायलॉनच्या मांजाचंसुद्धा.

कंपनीचा कामगार प्रशिक कमरेला पट्टा बांधून वर चढला. त्याने गुंता कापला मात्र, वाट्या अशा सुटल्या की डोळा ठरेना!

जितेंद्रसाहेबांनी घाम पुसला. "चार महिने मी एकदाही माणूस वर चढवला नाही. चूक माझी आहे. हा अहवाल रद्द! नव्याने मोजू."

"बरड पंचायतीचाच आहे, साहेब," तुळजाबाई म्हणाल्या. "एक झाड तोडा लागत नाही इथं. पवनचक्की गावाले पाहिजेच, पण ती इथं. आणि पियुष, खरं बोललास, शाब्बास! पण नायलॉनच्या मांजानं पाखरांचे पाय कापले जातात. उद्यापासून गावातल्या झाडाझाडावरचा मांजा तू काढायचा!"

"काढतो, आजी."

"आणि तुम्ही दोघी पोरी! आम्ही एवढे मोठे लोक गुमान सही कराले निघालो होतो. तुम्ही उन्हातान्हात मोजत बसल्या. गावानं लक्षात ठेवावं असं काम केलं!"

साहेबांनी काजलपुढे हात केला. "माफ कर, बेटा. तुझी वही आमच्या यंत्रापेक्षा खरी निघाली."

"माझी नका मागू माफी," काजल म्हणाली. "माझ्या आईची मागा."

साहेब वळले आणि त्यांनी सिंधूताईंना हात जोडले. सिंधूताईंनी साहेबांचं पेन त्यांच्या हातात परत दिलं. मग काजलला पोटाशी धरलं आणि सगळ्या गावासमोर हुंदका देऊन रडल्या.

"मनातल्या मनात मी तोडून बसली होती वं झाडं. चार दिवस झाले, पाणीही नाही सोडलं त्याइले. म्हटलं, तोडाचीच आहेत तर कशाले!" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "चला पोरांनो, आधी मोटार सुरू करू."

तिघंही बागेकडे पळत सुटली.