कुलपाला लाल फुली

“शैलेंद्रभैया चहाला गेले की पाचच मिनिटं! नीलू, तू दाराशी थांब,” विनता कुजबुजली.

नीलकंठ दाराशी जाऊन उभा राहिला. आज गुण वाढले नाहीत, तर त्याच्या आजोबांना, आबाजींना, शिकवणं बंद होणार होतं! अर्धांगाच्या झटक्यात त्यांची वाचा गेली, तेव्हापासून या हिंदी भाषक शहरात, सिविल लाइंसच्या दवाखान्यात एक यंत्र त्यांना बोलायला शिकवत होतं. पडद्यावर चित्र यायचं, आबाजींनी नाव सांगायचं, यंत्राने गुण द्यायचे. दोन महिने झाले, गुण शंभरात नऊच्या वर जाईनात.

पण नागपूरहून सुट्टीला आलेल्या चुलतबहिणीला, विनताला, काल काहीतरी खटकलं होतं. पडद्यावर कुलूप आलं. घाम फुटेपर्यंत जोर लावून आबाजी म्हणाले, “कु... लूप.” आणि यंत्राने लाल फुली मारली!

“काहून? बरोबर तर बोलून राहिले ते!” विनता म्हणाली.

“अरे, ताला बोलना था ना,” नीलकंठ सवयीने बोलून गेला आणि चपापला.

यंत्र चालवणारे शैलेंद्रभैया चहाला बाहेर पडले. विनताने नीलकंठच्या बाबांना यंत्रापुढे बसवलं. “काका, आबाजींना दाखवा ना कसं बोलायचं! घरी बोलतो तसंच, हं!”

“त्यात काय!” बाबा ऐटीत म्हणाले, “कुलूप! फणी! मीठ!”

फुली, फुली, फुली! ‘गुण शून्य. वाणीत गंभीर दोष.’

“बाबा, आप तो गए!” नीलकंठ ओरडला. त्या आवाजाने डॉक्टर दीदी धावत आल्या.

विनताने सगळं सांगितल्यावर त्यांनी आबाजींचा अर्ज काढला. भाषा: हिंदी. अक्षर बाबांचंच होतं.

“बाहेरचे सगळे कागद आपण हिंदीतच भरतो ना...” बाबांचा आवाज खाली गेला. “विचारच नाही केला मी.”

“पूछना तो मुझे चाहिए था,” दीदी हळूच म्हणाल्या. मग त्यांनी मुलांना जवळ बसवून समजावलं. यंत्र हजारो हिंदी आवाज ऐकून शिकलं होतं. जे कधी ऐकलं नाही, ते त्याला चूकच वाटणार. मेंदूचं तसं नसतं. एक वाट बंद झाली की तो दुसरी शोधतो, चाचपडतो, पुन्हा शिकतो. आबाजींना लहानपणीच्या बोलीची वाट सापडत होती आणि तिथेच रोज फुली बसत होती.

“बच्चो, कल से तुम सिखाओगे. यंत्र नहीं.”

दुसऱ्या दिवशी नीलकंठ आबाजींसमोर बसला. त्यांच्या मराठीला तो आजवर हिंदीतच उत्तर देत आला होता. त्याने खिशातून घराची किल्ली काढली आणि तो अडखळला.

“आबाजी, याला... आपल्यात... काय म्हणतात?”

आबाजींचे ओठ हलले, थांबले. कुणी घाई केली नाही.

“कि... ल्ली.”

“किल्ली,” नीलकंठ त्यांच्यामागून म्हणाला.

आबाजींनी आपला चांगला हात उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला.

“शा... बास.”