सिस्टरबरोबर आलेली बाई

त्या दिवशी काम काही विशेष नव्हतं. मलावीतली आमची शिरे नदी ओलांडायची, पलीकडच्या म्पासू गावात फालेसी नावाच्या बाईला चाचणीचा कागद वाचून दाखवायचा, पटलं तर तिचा अंगठा घ्यायचा आणि तिच्या लेकराचं रक्त बर्फाच्या पेटीत ठेवून परत यायचं. लहान मुलांच्या हिवतापावर नवं औषध आलं होतं, त्याचीच ही चाचणी. मी एनेलेस, अकरा वर्षं याच कामातली नर्स. असे शेकडो अंगठे घेतले असतील.

भर दुपार होती. डोंगा हाकणारा म्हातारा एरवी मगरींच्या गोष्टी सांगून मला घाबरवायचा. त्या दिवशी नुसता माझ्या मागे बघत वल्हवत राहिला. मी उतरले तेव्हा एवढंच म्हणाला, "बायांनो, जपून जा."

मी एकटीच होते. म्हटलं, ऊन लागलंय म्हाताऱ्याला.

फालेसीच्या दारात तिचा नवरा बिझविक बसला होता. "आली रक्त पिणारी! सिस्टर, खरं सांगा, एवढं रक्त नेऊन करता काय? मक्याच्या न्सिमाबरोबर कालवण म्हणून खाता?"

"तुझं नेलं असतं तर नुसती दारूच निघाली असती," मी म्हटलं. तो खो-खो हसत निघून गेला. पण हसण्याआधी त्याने माझ्या पेटीकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला ओळखीची होती. या नदीकाठी सगळे आमच्या पेटीकडे तसंच बघतात.

झोपडीला खिडकी नव्हती. लख्ख उन्हातून आत पाय टाकला आणि काही दिसेना. सुक्या मासळीचा वास, विझलेल्या राखेचा वास... आणि त्यात मिसळलेला स्पिरिटचा. माझी बाटली तर अजून बंद होती.

फालेसी मांडीवर दोन वर्षांच्या लुकाला घेऊन बसली होती. मागच्या कोपऱ्यात डोक्यावरून कापड घेतलेली आणखी एक बाई. घरातली कुणीतरी असणार. मी हात धुतले आणि वाचायला लागले. औषध काय आहे, रक्त किती घेणार, नको वाटलं तर कधीही सोडता येतं. फालेसी नुसती मान हलवत होती.

कोपऱ्यातून आवाज आला. ओठ कोरडे पडल्यासारखा.

"लेकराला काही झालं... तर सांगायला कोण येणार?"

"मी येईन," मी म्हटलं.

"स्वतः?"

"स्वतः."

"...मग ठीक."

ते ऐकून फालेसीने अंगठा उमटवला. लुकाचं रक्त घेतलं, पेटी बंद केली. ती मला दारापर्यंत सोडायला आली. मी सहज म्हटलं, "तुमच्याकडच्या बाई हुशार आहेत हो. इतकं नेमकं कुणी विचारत नाही."

फालेसी थांबली. "आमच्याकडच्या? ती तर तुमच्याबरोबर आली ना? दारातून दिसत होतं, तुमच्या पावलावर पाऊल टाकत येत होती. तुम्ही हात धुवायला वाकलात तेव्हा मला म्हणाली, मी नांबेवे, सिस्टर मला ओळखतात. तिच्या अंगठ्याला शाई होती... ओली."

मी दाराची चौकट धरली.

नऊ वर्षांपूर्वी, अशाच एका चाचणीत, माझ्याच कागदावर अंगठा उमटवलेल्या नांबेवेची मुलगी दगावली होती. पोर कशाने गेली त्याचा कागद मुख्य कार्यालयातून आला. आईला जाऊन सांग, असा मला निरोप होता. उद्या जाईन, उद्या जाईन करत मी गेलेच नाही. ती रडेल, याची भीती वाटली. रोज दारात बसून वाट बघायची म्हणे. पुढच्या पावसाळ्यात तीही गेली.

मी वळून आत पाहिलं. कोपरा रिकामा. झोपडीला दार एकच होतं आणि दारात आम्ही दोघी उभ्या होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दवाखान्यासमोर चौदा आया पोरं घेऊन उभ्या. मी कुणालाच बोलावलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी एक बाई घरोघर फिरली होती म्हणे. तिने सगळं बरोबर समजावलं होतं, आणि माझ्या कागदात नसलेली एक गोष्टही सांगितली होती. औषध सुरू झाल्यापासून अकराव्या दिवशी पोरांचे डोळे बघा. पिवळे दिसले तर थांबू नका.

मी चाचणीच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "गावगप्पांवर चाचणी चालत नाही, एनेलेस." नांबेवेचं नाव माझ्या जिभेवर आलं, पण मी गिळलं. त्याच दिवशी लुकासकट सगळ्या पोरांना औषध सुरू झालं.

अकराव्या दिवशी पहाटे नदीवरून आरडाओरडा ऐकू आला. तीन पोरं पिवळी झाली होती. त्यांतला एक लुका. वेळेत आणली म्हणून तिन्ही वाचली. औषध त्याच दिवशी बंद झालं.

चौकशीचा कागद आला तेव्हा मी एक दिवसही दवडला नाही. घरोघर जाऊन वाचून दाखवला. फालेसीचं घर शेवटचं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. लुका मक्याच्या कणसाशी खेळत होता. मग तिने माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि अंगठ्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली.

"काय गं?"

"त्या बाईने आणखी एक सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली. "पोरं बरी झाली की... सिस्टरचे डोळे बघा."

मी ते औषध कधी तोंडातसुद्धा घातलेलं नाही.

फालेसी बराच वेळ बघत राहिली. मग तिने लुकाला उचलून कडेवर घेतलं आणि माझ्याकडे बघत बघत, एकेक पाऊल मागे सरकत गेली.