जोडीची शर्यत

"ते गाठोडं ठेवा तिथे टोपलीत... आणि संध्याकाळी या!"

इस्त्रीवरचा हात न थांबवता अक्का म्हणाली. दुकानाच्या दारातली सावली क्षणभर थबकली आणि एकही शब्द न बोलता निघून गेली. गिऱ्हाईक भलतंच तऱ्हेवाईक दिसतंय, असं पुटपुटत अक्काने सदऱ्याची कॉलर उलटली, तोच शेजारचे औषधवाले काका धापा टाकत आत आले.

"अगं, काय केलंस हे! तुझी ठकी आली होती, लेकीला दाखवायला! ते शालीत गुंडाळलेलं तान्हं पोर तू टोपलीत ठेवायला सांगितलंस?"

इस्त्री तशीच टेकलेली राहिली आणि कुणाचा तरी पांढराशुभ्र सदरा करपून गेला.

आईवडील गेले तेव्हा धाकटी ठकी दुधाच्या दातांची होती. शाळेच्या प्रत्येक शर्यतीत पहिली येणाऱ्या अक्काने धावणं सोडलं आणि हाती इस्त्री धरली, ती धाकटीला शिकवून, नोकरीला लावूनसुद्धा खाली ठेवली नाही. ठकीने आपल्या मनाने लग्न ठरवलं तेव्हा अक्का थोडे दिवस फुगून बसली होती, एवढंच... पण अक्काचा तो राग अजून गेलेला नाही, हे ठकीने मनात धरलं होतं. आणि आता तर काय, अक्काने तिच्या पोटच्या गोळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं!

खरी गोष्ट एवढीच होती, की अक्काला दिसत नव्हतं. उजेड आणि सावल्या, इतकंच जग तिच्या डोळ्यांना उरलं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. कापड बोटांना कळत होतं, इस्त्रीची धग गालाला कळत होती, म्हणून दुकान चाललं होतं. काकांखेरीज याचा कुणाला गंधही नव्हता.

"सांगून टाक तिला," काका कळवळून म्हणाले.

"नाही, काका! तिला पुढच्या वर्षी दूरच्या शहरात मोठ्या पगाराची जागा मिळायची आहे. मला दिसत नाही म्हटलं की सगळं लाथाडून इथे येऊन बसेल ती. माझी शपथ आहे तुम्हाला!"

काकांनी शपथ पाळली, पण काका म्हणजे काही साधे गृहस्थ नव्हते. वर्षभराने अंध मुलांच्या शाळेला मदत म्हणून जोडीची शर्यत ठरली. एकाच्या डोळ्यांवर पट्टी, दुसऱ्याने हात धरून पळवायचं, आणि शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येक जोडीमागे लोकांनी शाळेला देणगी द्यायची. अक्काने हौसेने नाव दिलं, पट्टी तिला आयतीच सोयीची होती! जोड्या लावायचं काम मात्र काकांकडे होतं.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत, काका!" ठकी मैदानातच तडकली.

"चिठ्ठ्या टाकल्या गं," काका चेहरा सरळ ठेवून म्हणाले.

"ऑफिसातल्या सगळ्यांना देणग्यांसाठी गळ घातलीय म्हणून, नाहीतर..." असं म्हणत ठकीने अक्काचा हात धरला, तोही तापलेलं भांडं धरावं तसा, दोन बोटांनी. पण अक्काचं अंतःकरण त्या स्पर्शाने भरून आलं. केवढा मोठा झाला होता तो हात!

शिट्टी वाजली आणि मैदानात एकच धांदल उडाली. बँकेचे साहेब तिरके पळत सुटले ते थेट पाण्याच्या टेबलावर जाऊन आदळले. एक शिक्षिका "सोडू नका हो, सोडू नका!" म्हणत नवऱ्याला लटकल्याच. अक्का मात्र सरळ पळत होती. ठकीने एक अक्षरही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. वाटेत दगड आला तेव्हा तिने नुसता हात आखडला, आणि अक्काचं पाऊल अलगद वर उचललं गेलं. वळणावर हात जरासा झुकला, तशी अक्काही वळली.

शेवटची फेरी उरली असताना ठकी एकाएकी थांबली.

"अक्का... सगळे चाचपडतायत. तुला अंधाराची भीती कशी वाटत नाही?"

अक्काने तोंड फिरवलं. ठकीने तिचा हात घट्ट धरला.

"तुला सवय आहे ह्याची... अक्का, तुला दिसत नाही? त्या दिवशी मी तुला दिसलेच नव्हते?"

"सावली दिसली गं... वाटलं, कुणी कपडे घेऊन आलंय..." आणि इतके दिवस अडवलेला हुंदका फुटलाच!

"मग सांगायचं नाहीस? वर्षभर रडत होते मी!"

"तू नोकरी सोडली असतीस, बाळा."

"ते मी ठरवलं असतं! आजवर सगळं माझ्यासाठी केलंस, मान्य... पण हे कसलं माझ्यासाठी? तू माझी बहीणच काढून घेतलीस माझ्याकडून!"

 ज्याला अक्का त्याग समजून उराशी कवटाळत होती, त्याचे चटके ह्या पोरीला बसत होते! तिने चाचपत ठकीचा ओला गाल शोधला.

"चुकलं माझं, ठके..."

अक्काच्या तोंडून हे शब्द ठकीने जन्मात प्रथमच ऐकले. ती तिच्या गळ्यात पडली, दोघी मनसोक्त रडल्या, आणि मग ठकीनेच नाक पुसलं.

"चल, एक फेरी राहिलीय. लोक देणग्या परत मागतील."

"आणि ती दूरच्या शहरातली नोकरी?"

"जाणार आहे. पण तुला दर सुट्टीत माझ्याकडे यावं लागेल."

"येईन. तू मात्र जायची राहिलीस तर तंगडं मोडीन!"

"आधी पकडून तर दाखव!"

मग काय विचारता! अक्का अशी सुटली, की वाट दाखवणारी ठकीच मागे फरफटत ओरडू लागली, "अगं, हळू! पडू आपण दोघी!"

तरीही त्या सगळ्यांच्या मागून आल्या. रेषेपलीकडे ठकीचा नवरा लेकीला कडेवर घेऊन उभा होता. अक्काने पट्टी सोडली, आणि ठकीने ते पोर उचलून तिच्या हातांत दिलं.

"कशी दिसते गं?" अक्काने विचारलं.

"नाक तुझं आहे. हट्टही तुझाच."

पोरीने अक्काचं ओलं तोंड दोन्ही पंजांनी चाचपून पाहिलं आणि तिचा कान घट्ट धरून ठेवला. "कुणाकडे जात नाही हो ती," ठकीचा नवरा नवलाने म्हणाला. मैदान रिकामं झालं, खुर्च्या उचलल्या गेल्या, काका दोनदा पोर मागून गेले... पण अक्काने तिला खाली ठेवलं नाही.